नगरातील रस्ते, पाणीपुरवठा आणि गटारे : बांधकाम विभागाच्या कामांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ता खचल्याची तक्रार एका खिडकीवर नोंदवली जाते, नळाला गढूळ पाणी आल्याची दुसऱ्या खिडकीवर आणि गटार तुंबल्याची तिसऱ्या. कारणे शोधायला गेल्यास मात्र ती पुष्कळदा एकाच चरात सापडतात. म्हणून येथे रस्ते, पाणी आणि गटारे यांचे प्रश्न वेगळे न काढता एकत्र घेतले आहेत.

नवा रस्ता होऊन वर्ष उलटत नाही तोच तो पुन्हा का खोदला जातो?

जमिनीखालच्या कामांचा क्रम खोलीवरून ठरतो. सर्वांत खाली मलवाहिनी येते, कारण तिच्यातील पाणी केवळ उतारानेच वाहायचे असते आणि तिची पातळी मनाप्रमाणे वर-खाली करता येत नाही. त्यानंतर पावसाळी गटार, मग दाबाखाली चालणारी जलवाहिनी, त्यावर केबलसाठीच्या नळ्या आणि शेवटी रस्ता. हा क्रम पाळला तर रस्ता एकदाच करावा लागतो. आधी पाइप आणि मग रस्ता, हे कळायला अभियांत्रिकी शिकावी लागत नाही. घोडे अडते ते निधीपाशी. रस्त्याचा निधी एका वर्षी मंजूर होतो, मलवाहिनीचा तीन वर्षांनी, आणि मिळालेला निधी मुदतीत खर्च केला नाही तर तो परत जातो, त्यामुळे विभाग हाताशी असलेले काम आधी उरकून घेतो. त्यातच वीज, दूरसंचार आणि गॅस यांच्या संस्था स्वतंत्र असतात आणि त्यांची वेळापत्रकेही स्वतंत्र असतात.

यावरचे उपाय माहीत नाहीत असे नाही. रस्त्याचे काम काढण्यापूर्वी सर्व संस्थांना लेखी कळवून त्यांची कामे आधी पुरी करून घेणे, नव्या रस्त्याच्या खोदाईवर काही वर्षांची बंदी घालणे, ठरावीक अंतरावर रस्त्याच्या आरपार रिकाम्या नळ्या टाकून ठेवणे आणि रिकाम्या भूखंडांसाठीही नळजोडणीचे तोंड हद्दीपर्यंत आणून ठेवणे, एवढे केले तरी पुढची बरीच खोदाई टळते. या चारांपैकी शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे, आणि तेच सर्वाधिक वेळा राहून जाते.

पाइपसाठी खोदलेला चर बुजवून वर डांबर टाकले, तरी काही महिन्यांत तेथे खळगा का पडतो?

खोदलेली माती सुटी होते आणि तिच्यात हवा शिरते. ती एकदम चरात लोटून वरून यंत्र फिरवले तर दाब वरच्या वीतभर थरापर्यंतच पोहोचतो. खालची माती पोकळच राहते आणि पुढे वाहनांच्या वजनाने किंवा झिरपलेल्या पाण्याने बसते. मग तिच्यावरचे डांबरही खचते, त्यात पाणी साचते आणि चराच्या रेषेवर लांबच लांब घळ तयार होते.

भराव नीट करायचा असेल तर पाइपाखाली आणि भोवती वाळूसारखा बारीक, दगड नसलेला थर द्यावा लागतो, कारण एखादा टोकदार दगड पाइपाला टेकून राहिला तर वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी नेमका तेथेच पाइप फुटतो. त्यावर १५ ते २० सेंटीमीटरचे थर एकेक करून टाकावेत, माती ओलसर असावी पण चिखल नसावा, आणि प्रत्येक थर धुम्मस किंवा कंपन देणाऱ्या यंत्राने ठोकून घ्यावा. दीड मीटर खोल चरात असे सात-आठ थर होतात. काम चालू असताना उभे राहून पाहणाऱ्या कोणालाही हे थर मोजता येतात. एका दुपारीत शंभर मीटर लांबीचा खोल चर ‘बुजला’ असेल, तर थर पडलेले नाहीत असे समजायला हरकत नाही. चरात पाणी सोडून माती बसवण्याची पद्धत वाळूत थोडीफार चालते, पण चिकणमातीत ती अपायच करते.

शेवटचा भाग वरच्या थराचा. चराच्या कडा वेड्यावाकड्या तुटलेल्या असतात. त्या सरळ कापून, चरापेक्षा दोन्ही बाजूंना थोड्या अधिक रुंदीवर नवा थर टाकला, तर जुन्या-नव्या रस्त्याचा सांधा घट्ट जमिनीवर येतो. सांधा चराच्या बरोबर कडेवर ठेवला तर पहिले पाणी तेथूनच आत शिरते.

खड्डे पावसाळ्यातच का पडतात?

खड्डा पावसाळ्यात दिसतो, पण त्याची सुरुवात आधीच झालेली असते. डांबर उन्हाने आणि हवेने कडक होत जाते व त्यावर बारीक भेगा पडतात. पाऊस आला की पाणी या भेगांतून खडीच्या थरात उतरते. वरून चाक गेले की ते पाणी दाबले जाते आणि बाहेर पडताना बारीक माती सोबत घेऊन येते. भेगेच्या तोंडाशी दिसणारा चिखलाचा ओघळ ही त्याचीच खूण असते. काही दिवसांत आधार निघून जातो आणि वरचा थर तुटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटिश रस्ते अभियंता जॉन मॅकॅडम यांनी हेच सांगितले होते : वजन अखेर मूळ जमीनच पेलते आणि ती कोरडी राहिली तरच पेलते. त्यांच्या पद्धतीत रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवून पाणी कडेला काढून दिले जात असे. आज साहित्य बदलले, तरी डांबरी रस्त्याच्या मध्यापासून कडेकडे दर मीटरला साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर उतार द्यावाच लागतो. साइडपट्टीची माती रस्त्यापेक्षा उंच झाली किंवा कडेचे गटार बुजले, की हा उतार असून नसल्यासारखा होतो. खड्ड्यांच्या तक्रारी आलेल्या रस्त्यावर आधी गटाराचे तोंड पाहावे आणि मग डांबर पाहावे, असे आमचे मत आहे.

बुजवलेला खड्डा आठवड्यात पुन्हा का उखडतो?

ओल्या, धुळीने भरलेल्या खड्ड्यात टाकलेले डांबर खाली चिकटत नाही. योग्य पद्धतीत खड्ड्याभोवतीचा सैल भाग चौकोनी कापून काढतात, तळ कोरडा व स्वच्छ करतात, त्यावर पातळ डांबराचा हात देतात, गरम मिश्रण भरतात आणि रोलर फिरवतात. गरम मिश्रण साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तयार होते. ते ९० अंशांच्या खाली गेल्यावर कितीही दाबले तरी पुरेसे घट्ट बसत नाही. म्हणून उघड्या ट्रकमधून लांबून आणलेला, ताडपत्री नसलेला माल कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत निम्मा वाया गेलेला असतो. भर पावसात केलेली मलमपट्टी ही तात्पुरतीच असते, अपघात टाळण्यासाठी ती करावी लागते, आणि उघडीप मिळताच ती काढून पक्के काम करणे अपेक्षित असते. हा दुसरा टप्पा कागदावरच राहू नये, यावर नागरिकांनी लक्ष ठेवावे.

वस्तीतील रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी का घातली जाते? चार ट्रक गेल्याने काय बिघडते?

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ओटावा या गावाजवळ, खास बांधलेल्या रस्त्यांवर ठरावीक वजनाची वाहने सतत चालवून मोठा प्रयोग करण्यात आला. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की आसावरील (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरील) वजन वाढले की रस्त्याचे नुकसान त्या वाढीच्या चौथ्या घाताने वाढते. आसावरील वजन दुप्पट झाले तर नुकसान सुमारे १६ पट आणि दहापट झाले तर सुमारे १०,००० पट. हा नियम सर्वत्र काटेकोर लागू पडत नसला, तरी एक ट्रक म्हणजे दहा-वीस मोटारी हा समज किती तोकडा आहे हे त्यावरून कळते. मोटारींनी रस्ता फारसा झिजत नाही. बांधकामाची वाळू आणणारा, क्षमतेपेक्षा जास्त भरलेला डंपर मात्र गल्लीतील पातळ रस्ता एका हंगामात मोडू शकतो.

डांबरी रस्ता चांगला की काँक्रीटचा?

याचे उत्तर रस्त्याखाली काय आहे यावर अवलंबून आहे. काँक्रीटचा रस्ता साचलेल्या पाण्याने सहसा बिघडत नाही आणि जास्त टिकतो. पण तो फोडून पाइप दुरुस्त करणे महाग पडते आणि जोडलेला तुकडा पूर्ववत होत नाही. खालच्या वाहिन्या जुन्या असतील आणि त्या बदलण्याचे नियोजन नसेल, तर वर काँक्रीट करणे म्हणजे पुढची फोडाफोड आजच ठरवून ठेवणे होय.

काँक्रीटच्या बाबतीत दोन गोष्टींवर बारीक नजर हवी. पहिली म्हणजे पाणी मारणे. काँक्रीटची ताकद सुकण्याने वाढत नाही, तर सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेने वाढते. नेहमीच्या सिमेंटमध्ये सात दिवसांत अपेक्षित ताकदीच्या सुमारे दोन तृतीयांश आणि २८ दिवसांत जवळपास पूर्ण ताकद येते. या काळात पृष्ठभाग ओला ठेवला नाही तर वरचा थर पावडरीसारखा सुटतो. दुसरी म्हणजे सांधे. काँक्रीट आकुंचन पावताना तडकणारच, म्हणून तडा कोठे पडावा हे आपण ठरवायचे असते. त्यासाठी ओतल्यानंतर बहुधा एका दिवसाच्या आत करवतीने जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागाइतकी खाच पाडतात. दोन दिवसांनी आलेल्या करवतीला तोवर स्वतःहून पडलेला तडा दिसतो.

दर वेळी थरावर थर चढवल्याने घरे रस्त्याच्या खाली गेली आहेत. हे टाळता येत नाही का?

टाळता येते. जुना थर यंत्राने खरवडून काढावा आणि तेवढ्याच जाडीचा नवा टाकावा. खरवडलेला माल पुन्हा वापरताही येतो. निविदेत खरवडण्याची बाब स्वतंत्र लिहिलेली नसेल तर कंत्राटदार ती करणार नाही, म्हणून हा आग्रह अंदाजपत्रक तयार होत असतानाच धरावा.

आमच्या गल्लीत गतिरोधक हवा आहे. तो लगेच का बसवत नाहीत?

चुकीच्या आकाराचा गतिरोधक रुग्णवाहिका आणि दुचाकीस्वार यांना धोक्याचा ठरतो. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात संशोधनातून ठरलेला गोलाकार गतिरोधक सुमारे ३.७ मीटर लांब आणि केवळ १० सेंटीमीटर उंच आहे. हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा जो उंचवटा लोक रातोरात तयार करतात, त्याच्याशी याचे काही नाते नाही.

नळाला अचानक गढूळ किंवा तांबूस पाणी का येते?

जुन्या लोखंडी वाहिन्यांच्या आत गंज आणि गाळाचा थर साचलेला असतो. प्रवाहाची दिशा किंवा वेग बदलला की तो सुटतो. दुरुस्तीसाठी एखादी झडप बंद करून दुसऱ्या बाजूने पाणी फिरवले, आगीच्या बंबासाठी एकदम मोठा उपसा झाला किंवा खंडित पुरवठ्यानंतर रिकामी वाहिनी भरू लागली, की पहिली काही मिनिटे पाणी तांबूस येते. अशा वेळी ते वाहू द्यावे आणि स्वच्छ आल्यावर भरावे. गढूळपणा तासाभरानेही कमी झाला नाही किंवा पाण्याला मैल्याचा वास आला, तर मात्र प्रकार वेगळा आहे. ते पाणी पिऊ नये आणि त्वरित कळवावे.

पाण्याचा स्रोत बदलणे हेही एक कारण असते, आणि ते हलके मानता येत नाही. अमेरिकेतील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये आपला स्रोत बदलून नदीचे पाणी घेतले, परंतु वाहिन्यांची झीज रोखणारे रसायन त्यात मिसळले नाही. नव्या पाण्याने वाहिन्यांतील संरक्षक थर खाल्ला आणि जुन्या जोडण्यांतील शिसे लोकांच्या पेल्यात उतरले. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी प्रमाणात असणे पुरेसे नसते, ते घरातील नळापर्यंत तसेच पोहोचते का, हे नळावरच तपासावे लागते.

पाण्याला क्लोरीनचा वास येतो. ते अपायकारक आहे का?

हलका वास हे बहुधा पाणी सुरक्षित असल्याचे लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार नळाशी पोहोचणाऱ्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, आणि आरोग्याच्या दृष्टीने वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. शिल्लक क्लोरीन वाहिनीत नंतर शिरणाऱ्या जंतूंशी लढते. एखाद्या भागात ते एकाएकी शून्यावर आले तर तेथे बाहेरची घाण आत येत असल्याचा संशय घ्यावा.

जलवाहिनी आणि मलवाहिनी एकाच चरात टाकली तर खर्च वाचणार नाही का?

खर्च वाचेल आणि आजार वाढतील. जलवाहिनीत दाब असेपर्यंत गळती बाहेर जाते. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होताना आत पोकळी तयार होते आणि त्याच छिद्रातून भोवतीचे पाणी आत ओढले जाते. शेजारी गळकी मलवाहिनी असेल तर काय आत येईल हे सांगायला नको. नळाला थेट पंप लावून पाणी खेचणारे नळधारक हीच पोकळी स्वतःच्या हाताने तयार करतात, आणि त्यांच्यावरील कारवाई केवळ पाणीचोरीसाठी नसते.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरातील पटकीची (कॉलऱ्याची) साथ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरल्याचे डॉक्टर जॉन स्नो यांनी नकाशावर मृत्यू मांडून दाखवले. पुढे खोदून पाहिले असता शेजारच्या घराचा मैलाखड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर असून तो झिरपत असल्याचे आढळले. आज दोन्ही वाहिन्यांत शक्यतो तीन मीटरचे आडवे अंतर ठेवतात आणि जेथे त्या एकमेकींना छेदतात तेथे जलवाहिनी वर ठेवतात. अरुंद गल्लीत तीन मीटर मिळत नाहीत. तेथे मलवाहिनी सांध्यांसह अधिक मजबूत घ्यावी लागते, आणि हा वाढीव खर्च टाळू नये.

एका ठिकाणी वाहिनी दुरुस्त केली की लगेच दुसरीकडे का फुटते?

वाहते पाणी अचानक अडवले की त्याचा वेग दाबात बदलतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय जुकोव्हस्की यांनी १८९७ साली मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर याचा अभ्यास केला. धातूच्या वाहिनीत सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकदम थांबवले, तर उसळणारा दाब सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. साधारण ३० मीटर दाबावर चालणाऱ्या जुन्या वाहिनीतील सर्वांत कच्चा सांधा याने उघडला नाही तरच नवल. म्हणून दुरुस्तीनंतर झडप उघडणारा कर्मचारी चावीचे फेरे मोजत, थांबत थांबत उघडतो आणि अडकलेली हवा आधी बाहेर सोडतो. ‘एवढ्याशा कामाला एवढा वेळ’ अशी घाई त्याला करू नये.

वरच्या मजल्यावर किंवा उंच भागात पाणी का चढत नाही?

पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब मिळतो. जलकुंभाची पातळी आणि नळाची पातळी यांतील फरक हाच सगळा दाब, आणि त्यातूनही वाहिनीतील घर्षण वजा होते. सकाळी सर्व नळ एकदम सुटले की घर्षण वाढते व टोकाच्या घरांना काहीच उरत नाही. नवीन टाकी बांधण्याची मागणी अशा वेळी हमखास होते, पण वितरण वाहिनी अरुंद असेल तर नव्या टाकीने फरक पडत नाही.

गळती रात्री का शोधतात?

पहाटे दोन ते चारच्या दरम्यान वापर जवळपास थांबतो. तरीही मोठ्या मीटरचा काटा फिरत असेल तर ते पाणी गळतीचे असते. मग एकेक झडप बंद करून कोणत्या भागात काटा मंदावतो ते पाहतात आणि त्या भागात झडपेच्या दांड्याला आवाज ऐकण्याची काठी किंवा ध्वनियंत्र लावून सळसळ ऐकतात. दिवसा रहदारीत हा आवाज ऐकू येत नाही. तीन मिलिमीटरच्या छिद्रातून, ३० मीटर दाबाखाली, दिवसाला आठ-नऊ हजार लिटर पाणी जाऊ शकते, आणि जमीन सच्छिद्र असेल तर ते कधीच वर दिसत नाही.

पावसात रस्त्यावर पाणी तुंबते. गटार आणखी मोठे का बांधत नाहीत?

कोणतेही गटार सर्व पावसांसाठी बांधता येत नाही. अमुक वर्षांतून सरासरी एकदा येणारी सर धरून त्याचा आकार ठरवतात आणि त्याहून मोठ्या पावसात पाणी काही काळ रस्त्यावर येणार हे गृहीत असते. तक्रारी मात्र लहान सरींतही येतात, आणि त्यांचे कारण आकारात क्वचित असते. रस्त्याकडेची जाळी पानांनी व प्लास्टिकने झाकली जाते, नव्या डांबराच्या थराखाली जाळी दबून जाते, किंवा पुढील नाल्याचे तोंड अतिक्रमणाने अरुंद झालेले असते. पुढे वाट नसताना मागे गटार मोठे केले तर पाणी फक्त लवकर पोहोचते आणि खालच्या वस्तीत साचते. मोकळी जमीन फरशीने झाकली गेली की तेच पाणी अधिक वेगाने गटारात येते, हा भाग बांधकाम परवानगीच्या वेळीच पाहावा लागतो.

मलवाहिनीचा हिशेब याहून वेगळा आहे. तिच्यात प्रवाहाचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर राहिला तर गाळ वाहून जातो. गरजेपेक्षा मोठी मलवाहिनी टाकली तर थोडे पाणी तिच्या तळाशी रेंगाळते व घाण साचते.

तुंबलेली मलवाहिनी माणूस उतरवून लगेच मोकळी का करत नाहीत?

मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोड्या प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते. दाबाच्या पाण्याचे यंत्र येईपर्यंत थांबावे. उतरवण्याचा आग्रह कोणीही, कोणत्याही कारणाने धरू नये.

कामाचा दर्जा नागरिकांना कसा तपासता येईल?

झाकली जाणारी कामे झाकण्यापूर्वी पाहावीत. अंदाजपत्रकातील थरांच्या जाड्या, पाइपाचा प्रकार आणि खोली ही माहिती मागून घ्यावी व ती चर उघडा असताना टेपने पडताळावी. नवीन जलवाहिनी बुजवण्यापूर्वी दाबाची चाचणी झाली का, जोडण्यापूर्वी ती क्लोरीनच्या पाण्याने निर्जंतुक करून नमुना तपासला का, हे विचारावे. दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीखही नोंदवून ठेवावी, कारण त्या तारखेपूर्वी लेखी कळवलेला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि नंतरचा दोष सार्वजनिक पैशातून दुरुस्त होतो. काम पूर्ण झाल्यावर वाहिनी प्रत्यक्षात कोठून गेली याचा नकाशा दप्तरी जमा होणे आवश्यक आहे. हा नकाशा नसल्यामुळे पुढची खोदाई अंदाजाने होते आणि दुसऱ्याची वाहिनी फुटते. अमेरिकेत खोदण्यापूर्वी जमिनीवर रंगांनी खुणा करतात, पिण्याच्या पाण्यासाठी निळा, मलवाहिनीसाठी हिरवा, विजेसाठी लाल, गॅससाठी पिवळा. नकाशेच नसतील तर रंग कोठे मारायचा हा प्रश्न उरतोच.

तक्रारीत कोणती माहिती द्यावी?

‘रस्ता खराब आहे’ एवढ्यावरून कोणते पथक पाठवायचे ते ठरत नाही. जवळच्या खांबाचा क्रमांक, खळगा एकटा आहे की रेषेत आहे, कोरड्या दिवशीही तेथे ओल दिसते का आणि अलीकडे तेथे खोदकाम झाले होते का, हे लिहावे. रेषेतील खळगा म्हणजे चराचा भराव आणि उन्हाळ्यातील ओल म्हणजे जलवाहिनीची गळती असण्याची शक्यता अधिक. पाण्याची तक्रार असल्यास ते किती वाजता आले, पहिल्या किती मिनिटांनी स्वच्छ झाले आणि शेजारच्या घरांतही तसेच आले का, ते सांगावे. एकाच घरात गढूळ असेल तर दोष बहुधा त्या घराच्या जोडणीत किंवा टाकीत असतो. नमुना घ्यायला कर्मचारी येणार असेल तर त्याच्या आधी नळ धुऊन, बाटलीत स्वतः भरून ठेवू नये. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो आणि तो थंड ठेवून प्रयोगशाळेत त्याच दिवशी पोहोचवावा लागतो.